पंगत आणि तिसरी घंटा: सोसायटीत जेवणासह विनोदी नाटकाची संध्याकाळ कशी करायची

गणपतीत आधी एकांकिका आणि मग जेवण, ही सवय सगळ्यांना आहे. एकांकिका लांबते, मागच्या रांगेतल्या आजोबांना शुगरच्या गोळीची वेळ आठवते आणि शेवटच्या दहा मिनिटांत अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होऊन कढईपाशी जमतात. जेवण नाटकाच्या पोटातच घातलं की ही पळापळ थांबते. आधी पहिला अंक, मग जेवण, मग दुसरा अंक आणि शेवटी गोड. जेवणाच्या वेळी पात्रं पाहुण्यांमध्ये फिरत राहतात. कोजागरीच्या आसपासचा शनिवार याला उत्तम. पाऊस बहुतेक सरलेला असतो आणि मसाला दूध आयतंच शेवटी येतं.

इथली सगळी गणितं १०० पाहुण्यांची आणि पूर्ण हौशी मंडळींची आहेत. अशी संध्याकाळ वाईट अभिनयामुळे क्वचितच पडते, पडते ती उशिरा आलेल्या पुऱ्यांमुळे. म्हणून नियोजनाची वही उघडलीत की पहिलं पान स्वयंपाकघराचं असू द्या.

वेळापत्रक शेवटाकडून मांडा

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार उघड्यावरचा ध्वनिक्षेपक रात्री १० ला बंद. वर्षातल्या काही ठरावीक दिवशी सरकार १२ पर्यंत सूट देतं, पण ते दिवस जिल्हा प्रशासन जाहीर करतं. तुमचा शनिवार त्यात असेल असं गृहीत धरू नका. म्हणजे माइक ९:४५ ला बंद व्हायला हवा. तिथून उलटं मोजत या.

७:०० दार उघडणं, सरबत आणि कोथिंबीर वडी
७:२० पहिली घंटा, ७:२५ दुसरी, ७:३० तिसरी
७:३० ते ८:१० पहिला अंक
८:१० ते ९:०० पंगत
९:०५ ते ९:४० दुसरा अंक
९:४० मसाला दूध, आभार, माइक बंद

पहिला अंक ४० मिनिटांचा आणि दुसरा ३५ चा, असं मुद्दाम ठेवलं आहे. जेवलेला माणूस कमी वेळ ऐकतो आणि शब्दांचे खेळ त्याला उशिरा पोचतात. म्हणून शाब्दिक कोट्या, गैरसमजाची मांडणी, नात्यांची गुंतागुंत हे सगळं पहिल्या अंकात येऊ द्या. दुसऱ्या अंकात धावपळ, लपालपी, चुकीच्या दारातून चुकीची माणसं. श्रीखंड-पुरी मध्यंतरात वाढली तर दुसऱ्या अंकात पहिल्या रांगेतले काका घोरतात, आणि तो आवाज कॉलर माइकही उचलतो. गोड शेवटीच. दुधातलं जायफळही मग चुकीच्या वेळी काम करत नाही.

तिसरी घंटा ७:३० लाच वाजवा, ३० खुर्च्या रिकाम्या असल्या तरी. एकदा दहा मिनिटं थांबलात की ती दहा मिनिटं दुसऱ्या अंकातून कापावी लागतात, आणि कापलेला भाग हमखास शेवटचा उलगडा असतो.

कथा अशी निवडा की जेवण आपोआप त्यात येईल

सगळ्यात सोपं म्हणजे लग्नघर. साखरपुडा, केळवण, बारसं, साठीशांत, काहीही चालेल, पण पंगत हा त्या प्रसंगाचाच भाग हवा. प्रेक्षक मग प्रेक्षक राहत नाहीत, डावीकडचे वरपक्ष आणि उजवीकडचे वधूपक्ष होतात. दारातच कुंकवाच्या बोटाऐवजी दोन रंगांच्या फिती लावा, लाल आणि हिरव्या. एवढ्यानेच निम्मं वातावरण तयार होतं. अनोळखी शेजारी एकमेकांना ‘तुमच्याकडचे’ म्हणायला लागतात.

पात्रं सात-आठ पुरेत. रुसणारी वरमाय, आग्रह करणारा मामा, सगळ्या नोंदी ठेवणारी आत्या, चुकीच्या लग्नाला आलेला पाहुणा, फोटोग्राफर, पळून जायच्या बेतात असलेला नवरदेव, त्याच्याआधी पळायच्या बेतात असलेली नवरी. दहाच्या वर पात्रं नकोत. प्रत्येक वाढीव पात्रामागे एक पोशाख, एक माइक आणि तालमीला न येणारा एक माणूस वाढतो.

संहिता विकत किंवा उसनी घेणार असाल तर हक्कांचं आधी बघा. कॉपीराइट कायद्यात एक सवलत आहे: हौशी संस्थेने प्रवेशशुल्क न घेता, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी, केलेला प्रयोग उल्लंघन ठरत नाही. नवखी मंडळी याच सवलतीवर विसंबतात आणि मग ‘जेवणाची वर्गणी’ म्हणून ४०० रुपये घेतात. पैसे देऊनच आत येता येत असेल, तर पावतीवर जेवण लिहिलं म्हणून प्रेक्षक फुकटात आलेला ठरत नाही. सरळ लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी घ्या आणि मानधन द्या. बहुतेक लेखक हौशी मंडळांना समजूतदारपणे सांभाळून घेतात. न विचारता केलं की मात्र चिडतात, आणि ते बरोबरच आहे.

लेखकाच्या मृत्यूनंतरचं वर्ष सुरू झाल्यापासून ६० वर्षांनी साहित्य मुक्त होतं. देवल १९१६ मध्ये गेले, गडकरी १९१९ मध्ये, त्यामुळे त्यांची नाटकं कुणालाही करता येतात. अत्रे १९६९ मध्ये गेले, म्हणजे २०२९ संपेपर्यंत परवानगी हवीच. जुन्या नाटकाची कुणी अलीकडे केलेली रंगावृत्ती, म्हणजे प्रयोगासाठी संपादित केलेली संहिता, वापरणार असाल तर त्या संपादकाचा हक्क वेगळा असतो, हे विसरलं जातं. तिकीट लावून जाहीर प्रयोग करायचा असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (संहिता तपासणारं राज्य सरकारचं मंडळ) प्रमाणपत्र आणि पोलीस ठाण्याची परवानगी यांची चौकशी किमान दीड-दोन महिने आधी करा. सोसायटीपुरता निमंत्रितांचा कार्यक्रम असेल तरी ध्वनिक्षेपकाची परवानगी टळत नाही.

स्वतः लिहिणार असाल तर मोजमाप सोपं आहे. ए-फोर कागदावर १४ च्या टाइपात टंकलेलं एक पान दीड ते दोन मिनिटं चालतं. पहिला अंक २० ते २२ पानं, दुसरा १८. हशांची वेळ वेगळी धरा, ३५ मिनिटांच्या अंकात चार-पाच मिनिटं तरी. विनोद पार्किंगवर, पाण्याच्या टाकीवर, वार्षिक सभेवर करा. ३०४ नंबरच्या फ्लॅटमधल्यांवर करू नका. नाव न घेताही ओळखू येईल असा टोमणा त्या रात्री हसू आणतो आणि पुढची तीन वर्षं लिफ्टमध्ये शांतता आणतो.

तालीम: सहा आठवडे, आठवड्यात तीन दिवस, दोन तास

पहिला आठवडा नुसतं वाचन. दुसऱ्यात हालचाली. चौथ्याच्या सुरुवातीला हातातला कागद सुटलाच पाहिजे, कारण एका हातात कागद असेल तर ताट, पिशवी, फोटोचा अल्बम यांचं काम कधीच बसत नाही. पाचव्यापासून खरी प्रॉपर्टी, म्हणजे मंचावर हाताळायच्या वस्तू. ‘त्या दिवशी खरं ताट असेल’ हे वाक्य तालमीत ऐकू आलं की समजायचं, त्या दिवशी ताट पडणार.

विनोदाच्या दोन गोष्टींवर मात्र तालमीचा एक तृतीयांश वेळ घालवा.

पहिली, वाक्याची रचना. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि हशाचा शब्द त्याच्या आधी पुरला जातो. ‘त्यांनी आहेरात आम्हाला आमचाच मिक्सर परत दिला’ या वाक्यात माणसं ‘मिक्सर’वर हसायला लागतात आणि ‘परत दिला’ त्यांच्या हशात सांडतं. ‘आहेरात काय दिलं माहितीये? आमचाच मिक्सर.’ आता मिक्सरनंतर काहीच नाही, हशाला मैदान मोकळं. संहितेतल्या प्रत्येक हशाच्या वाक्याला ही परीक्षा लावा. हशाचा शब्द शेवटचा आणता येत नसेल तर निदान त्याच्यानंतर दोनपेक्षा जास्त अक्षरं नकोत.

दुसरी, हशा घेणं. हशा चढतो, माथ्यावर क्षणभर टेकतो आणि उतरायला लागतो. तो निम्मा उतरला की पुढचं वाक्य. चढत असताना बोललात तर प्रेक्षक पुढचं ऐकायला स्वतःचं हसू दाबतो आणि पुढच्या वेळी मोकळेपणी हसत नाही. पूर्ण विझू दिलात तर गाडी पुन्हा ढकलावी लागते. थांबलेल्या वेळात गोठून उभं राहायचं नाही, हातातलं काम चालू ठेवायचं: उपरणं नीट करणं, यादीत खूण करणं. आणि स्वतः हसायचं नाही. नट हसला की प्रेक्षकाला वाटतं आपलं काम याने केलं.

एक प्रसंग जवळून बघू. वरमाय म्हणते, “आमचं काही मागणं नाही.” ती वळते आणि मामा खिशातून मागण्यांची गुंडाळलेली यादी काढून सोडतो. यादी उलगडत जमिनीवर जाते आणि पुढे घरंगळत पहिल्या रांगेच्या पायापाशी थांबते. इथे हशा कागदाच्या हालचालीत आहे. त्यामुळे ती थांबेपर्यंत मंचावरच्या कुणीही पापणीसुद्धा हलवायची नाही. घडी घातलेला साधा कागद वापरलात तर तो अर्ध्यात अडकतो. बिलाच्या मशीनचा रोल घ्या, आठ ते दहा फूट कापा आणि मोकळ्या टोकाला पाच रुपयांची दोन नाणी चिकटपट्टीने लावून तिथूनच घट्ट गुंडाळा, म्हणजे वजन गुंडाळीच्या पोटात राहतं. सोडताना वरचं टोक बोटांत धरून ठेवायचं. असे चार रोल तयार ठेवा. रंगीत तालमीत दोन फाटतात.

शेवटच्या आठवड्यात एक तालीम गोंगाटात करा. सोसायटीतली मुलं बोलवा, त्यांच्या हातात ताटं-वाट्या द्या, मागे कुणालातरी मिक्सर लावायला सांगा. ज्यांचा आवाज पोचत नाही ते त्या दिवशी समजतात, आणि तेव्हा अजून पाच दिवस हातात असतात.

जागा आणि मंच

खरी मजा तेव्हा येते जेव्हा नाटक आणि जेवण एकाच खुर्चीवर होतं. सहा फुटी घडीची टेबलं घ्या, मंचाकडे तोंड करून एकाच बाजूला तीन-तीन माणसं. १०० माणसांना ३४ टेबलं लागतात. दोन टेबल-तुकड्यांच्या मधे चार फुटांची वाट ठेवा, पात्रांची ये-जा तिथूनच होते. एका ओळीला टेबल आणि खुर्ची मिळून पाच फूट खोली धरा. मंच धरून साधारण २,००० चौरस फूट जागा हवी. गोल टेबलं छान दिसतात, पण आठातल्या चौघांची पाठ मंचाकडे होते. ती घ्यावीच लागली तर एका टेबलावर पाचच माणसं, अर्धगोलात.

मंच १६ बाय १२ फूट पुरतो, म्हणजे ४ बाय ८ चे सहा प्लॅटफॉर्म. उंची दोन फूट. त्याहून कमी असेल तर तिसऱ्या ओळीपासून पुढे नटांचे फक्त चेहरे दिसतात आणि जमिनीवर गेलेली यादी कुणालाच दिसत नाही. प्लॅटफॉर्म एकमेकांना दोरीने किंवा क्लॅम्पने बांधलेत का, ते स्वतः हलवून पाहा. दुसऱ्या अंकात धावपळ आहे, आणि मंडपवाला हे नाटक बघायला थांबणार नाही.

गच्चीवर करायचं ठरवलंत तर वारा आवाज घेऊन जातो आणि मागच्या तीन ओळी कोरड्या राहतात. स्पीकर दोन पुढे आणि दोन मध्यावर लावा, पुढचे कमी आवाजात. क्लबहाउसमध्ये उलटी तक्रार असते: फरशी आणि काचा आवाज परत फेकतात. मागच्या भिंतीला जाड चादरी किंवा सतरंज्या टांगल्या तरी पुष्कळ फरक पडतो. पंखे दोनवर ठेवा. पूर्ण वेगातला पंखा माइकमध्ये समुद्र आणतो.

कॉलर माइक प्रमुख चौघांना, बाकीच्यांसाठी मंचाच्या कडेला खाली ठेवायचे तीन माइक. जेवणाच्या वेळी फिरणाऱ्यांपैकी फक्त मामाचा माइक चालू, बाकी सगळे बंद. ध्वनीवाल्याला हे कागदावर लिहून द्या. नाहीतर वरमाय स्वच्छतागृहात जाऊन ‘हा ब्लाउज कुणी शिवला’ म्हणते ते सगळं लग्न ऐकतं.

प्रकाशाला समोरून चार दिवे, थोडे उंचावरून, पुरे होतात. ५०० वॉटचे चार हॅलोजन मिळून २,००० वॉट, म्हणजे सुमारे ९ अँपिअर. एका १६ अँपिअरच्या सॉकेटला झेपतात, पण त्याच लाइनवर केटररने कॉफीचं मशीन किंवा इंडक्शन लावलं की बरोबर ८:०५ ला एमसीबी उडतो. मंचाची वीज आणि स्वयंपाकाची वीज वेगवेगळ्या लाइनवर, आणि स्वयंपाकाच्या सॉकेटवर रंगीत चिकटपट्टी लावून ठेवा. एलईडी पार (कमी वीज खाणारे मंचाचे दिवे) मिळत असतील तर हा प्रश्नच राहत नाही. प्रेक्षागृहात पूर्ण अंधार करू नका. वाढप्यांना चालायचं आहे आणि मुलांच्या हातात पाण्याचे पेले आहेत. तिथल्या दर चार दिव्यांतला एक चालू ठेवा.

परदेशातल्या मंडळांनी एक वेगळी गोष्ट बघावी. शाळेचा हॉल किंवा कॅफेटेरिया भाड्याने घेतला तर बंद करायची वेळ काटेकोर असते आणि उघडी ज्योत बहुतेक ठिकाणी चालत नाही. नटराजपूजनाची समई विजेची ठेवा आणि उदबत्ती लावायच्या आधी धूर ओळखणारा गजर कुठे आहे ते विचारा.

जेवण: १०० माणसांचं माप

पहिला नियम, नाटक चालू असताना कुरकुरीत काही नाही. पापड, कुरडया, वेफर्सच्या पिशव्या हे सगळं पंगतीत. पहिल्या अंकाआधी कोथिंबीर वडी का, तर न तळता नुसती वाफवली की ती मऊ असते, बोटांनी खाता येते आणि सात-वीसच्या घंटेपर्यंत संपते. दुसरा नियम, स्टीलच्या वाट्या नकोत. फरशीवर पडलेली वाटी कडेवर उभी राहते, गोल फिरते, फिरत फिरत वेग वाढवते आणि शेवटी थरथरत बसते. यात पाच-सहा सेकंद जातात आणि ते नेहमी हशाच्या वाक्याचेच असतात. सुपारीच्या पानांची ताटं आणि द्रोण घ्या. आवाज नाही, धुणं नाही.

कोथिंबीर वडी ३०० नग. मसालेभाताला तांदूळ ८ किलो, तोंडली ३ किलो. बटाट्याच्या भाजीला बटाटे १० किलो. उसळीला सुकी मटकी ३ किलो, दोन दिवस आधी भिजवून मोड आणलेली. पुऱ्या ४८० च्या आसपास, त्याला कणीक ८ किलो. कोशिंबिरीला काकडी ६ किलो, दही २ किलो, दाण्याचं कूट अर्धा किलो. मठ्ठा २० लिटर. पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे पाच जार. मसाला दुधाला २० लिटर म्हशीचं दूध, आटून साधारण १७ होतं. साखर दोन किलोच्या आत, बदाम-पिस्त्याची भरड पाऊण किलो, वेलची ४० ग्रॅम, केशर २ ग्रॅम, दोन जायफळं.

यात कलाकार धरलेले नाहीत. दहा नट, सहा पडद्यामागचे, दहा वाढपी स्वयंसेवक, ध्वनी-प्रकाशवाले: जवळजवळ ३० पानं वाढतात आणि ही चूक निम्म्या मंडळांकडून होते. केटररशी बोलताना आकडा १३० सांगा आणि ३० ताटांचं अन्न वेगळ्या डब्यात झाकून ठेवायला सांगा. नटांनी संध्याकाळी पाचच्या सुमारास हलकं खायचं, पोहे किंवा उपमा, आणि खरं जेवण प्रयोगानंतर.

वर्गणी ठरवताना १०० वर भागू नका, ८५ वर भागा. लहान मुलं, शेवटच्या क्षणी न येणारे आणि ‘आमचं कार्यकारिणीत नाव आहे’ म्हणणारे मिळून १५ जातातच.

पुऱ्या हा या सगळ्यातला खरा खलनायक. मोठ्या कढईत एका वेळी दहा-बारा पुऱ्या, एका घाण्याला मिनिटभर. ४८० पुऱ्यांना ४५ मिनिटं. आठ-दहाला तळायला सुरुवात केली तर शेवटच्या ओळीला पुरी मिळेपर्यंत दुसऱ्या अंकाची घंटा वाजते. साडेसातला सुरू केली तर त्या चामड्यासारख्या होतात आणि भट्टीचा सूं-सूं आवाज आख्खा पहिला अंक व्यापतो. दोन कढया लावा, ७:५० ला सुरू करा आणि भट्टी मंचापासून किमान ५० फूट दूर, भिंतीआड, वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवा. वासाचंही गणित आहेच. मसालेभाताची फोडणी सातच्या आत होऊन गेली पाहिजे. नाहीतर पहिल्या अंकाच्या शेवटी सगळी डोकी डावीकडे वळलेली दिसतात.

केटररकडे अन्नसुरक्षेचा परवाना आहे का ते विचारा, त्याचा क्रमांक १४ अंकी असतो. दाण्याचं कूट असलेल्या पदार्थांवर पाटी लावा. शेंगदाण्याची ॲलर्जी असणारं एखादं मूल प्रत्येक सोसायटीत असतं. जैन मंडळींसाठी १० पानं वेगळी सांगितलीत तर त्यांची भांडी आणि डावही वेगळे आहेत का, ते स्वतः बघा.

बुफे ठेवायचाच असेल तर एका बाजूच्या एका रांगेतून १०० माणसं जायला २५ मिनिटं लागतात. दोन टेबलं, दोन्ही बाजूंनी, म्हणजे चार रांगा. मग सात-आठ मिनिटांत निभतं. पण पंगतच बरी. दहा वाढपी एकाच वेळी निघतात, सगळे एकदम सुरू करतात आणि जुन्या सवयीने एकदमच उठतात. घड्याळाला एवढी मदत बुफे कधीच करत नाही. शिवाय बुफेच्या रांगेत मामा आग्रह कुणाला करणार?

जेवताना चालणारं नाटक

हे ५० मिनिटांचं काम दिसतं सोपं आणि असतं सगळ्यात अवघड, कारण त्याला संवाद लिहिलेले नसतात. प्रत्येक पात्राला जेवणापुरता एक उद्योग द्या. मामा प्रत्येक ओळीत अर्धी पुरी जास्त वाढतो आणि कोण नाही म्हणतंय त्याची नोंद ठेवतो. आत्या आहेराची वही घेऊन फिरते आणि ‘तुमच्याकडून काय लिहू?’ विचारते. चुकीच्या लग्नाला आलेला पाहुणा नवऱ्याचं नाव काय ते आडून आडून काढतो. नवरी मागच्या दाराची चौकशी करते. उद्योग असला की नटाला विनोद सुचवावा लागत नाही, तो समोरच्या माणसाच्या उत्तरातून होतो.

एका टेबलापाशी दोन मिनिटं, जास्त नाही. कथेला लागणारी कुठलीही माहिती इथे द्यायची नाही, कारण ती फक्त सहा जण ऐकतील. इथे काही मोठी गंमत घडलीच तर दुसऱ्या अंकाच्या पहिल्या मिनिटात मंचावरून तिचा उल्लेख करून टाका: “वधूपक्षाकडच्या तिसऱ्या ओळीने बारा पुऱ्या नाकारल्या, आत्यांनी लिहून ठेवलंय.” सगळं सभागृह एका धाग्यात येतं.

घास तोंडात असलेल्या माणसाला प्रश्न विचारायचा नाही, ठसका लागतो. कुणाच्या वजनावर, रंगावर, लग्न न होण्यावर, मूल नसण्यावर बोलायचं नाही. खऱ्या लग्नात हे सगळं होतं, म्हणूनच इथे नको. खाली मान घालून जेवणाऱ्याला सोडून द्यायचं, त्याने पैसे बघायचे दिले आहेत, दिसायचे नाहीत.

उखाणे हा हुकमी एक्का, पण ८:४५ च्या आत काढू नका. ताटावरची गडबड संपलेली नसते आणि चांगला उखाणा भाताबरोबर गिळला जातो. तीन जोडप्यांना आधीच विचारून ठेवा, त्यातलं एक ६० च्या पुढचं असू द्या. त्यांचा उखाणा सगळ्यात धमाल होतो. चौथ्याला जागेवरच विचारायचं, आणि नाही म्हणाले तर मामाने स्वतःच बिघडलेला उखाणा घेऊन वेळ मारून न्यायची. असे पाच उखाणे मामाला पाठ हवेत.

त्या रात्रीचं सुकाणू

एक माणूस असा हवा जो मंचावर नाही, वाढत नाही आणि जेवतही नाही. त्याच्या हातात घंटा, घड्याळ आणि दोन फोन नंबर, भट्टीवरच्या आचाऱ्याचा आणि ध्वनीवाल्याचा. तो ७:४५ ला आचाऱ्याला ‘तेल तापवा’ कळवतो. पहिला अंक पाच मिनिटं लांबतोय असं दिसलं तर पुऱ्या पाच मिनिटं थांबवतो. ८:५० ला पहिली घंटा देतो, ८:५५ ला दुसरी. दुसऱ्या घंटेनंतर वाढपी फक्त ताटं उचलतात, काही वाढत नाहीत. ‘थोडा भात मिळेल का’ याला उत्तर मामाने द्यायचं, वाढप्याने नाही.

दुसरा अंक उशिरा सुरू झाला तर कापायचे उतारे आधीच ठरलेले आणि संहितेत पेन्सिलीने चौकट केलेले हवेत, एक तीन मिनिटांचा, एक सहा मिनिटांचा. ते न बोलता कळावं म्हणून विंगेत लाल रुमाल टांगायचा. एक रुमाल म्हणजे तीन मिनिटं, दोन म्हणजे सहा. याचीही तालीम एकदा करा. चौघांनी कापलं आणि पाचव्याने नाही, असं झालं की नवरी दोनदा पळून जाते.

दूध ९:१५ ला पुन्हा मंद आचेवर ठेवा आणि ढवळायला एक माणूस बसवा. दुसऱ्या अंकातल्या पळापळीच्या हशात तिकडे कुणाचं लक्ष नसतं, आणि तळाला लागलेलं २० लिटर दूध केशराने झाकलं जात नाही.

उरलेला मसालेभात दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नका. द्यायचा असेल तर कुणाला, ते सकाळीच ठरवा आणि त्यांची गाडी ९:३० ला दारात येईल असं बघा. मंडपवाल्याच्या खुर्च्या त्याच रात्री त्याच्या माणसासमोर मोजून द्या, १०० घेतल्या असतील तर १००. आणि बिलाच्या रोलमधली पाच रुपयांची नाणी सोडवून घ्या.